साठातले अठ्ठावीस

उभी राहा. बाटली पिशवीत परत घालू नकोस, लेबल माझ्याकडे करून टेबलावर ठेव. सिलिकॉनचा अणुभार सांग. अठ्ठावीस. ऑक्सिजनचा? सोळा. मग सिलिकाच्या साठ भागांत सिलिकॉन किती? अठ्ठावीस. तुला झोपेतून उठवून विचारलं तरी हे येतं. आणि तुझ्या पत्रकावर काय छापलंय? ‘एका कॅप्सूलमध्ये ३५० मिलिग्रॅम शुद्ध सिलिकॉन.’ आता लेबल वाच. बांबूचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात सिलिका ७० टक्के. पाचशेचे सत्तर टक्के साडेतीनशे होतात, कबूल, पण ती साडेतीनशे सिलिका झाली. सिलिकॉन त्यात भरतं १६३ मिलिग्रॅम. उरलेला ऑक्सिजन आहे, आणि तो गोंदियाच्या हवेत फुकट मिळतो. बारावीला असा हिशेब वहीत आणला असतास तर मी लाल रेघ मारली असती. आज तोच हिशेब तू बचत गटाच्या बायकांना वाटतेस आणि बाराशे रुपये घेतेस.

रडायचं असेल तर नंतर रड. तू काही विकतेस याचा मला राग नाही. लोणची वीक, साड्या वीक, विम्याच्या पॉलिस्या वीक, मी स्वतः दोन घेईन. राग याचा आहे की तू दारात उभी राहून म्हणतेस, ‘मी केमिस्ट्री शिकलेय, मला माहीत आहे.’ ते वाक्य माझ्या वर्गातून उचललेलं आहे. त्या वाक्यावर बायका विश्वास ठेवतात. बाटलीवर कोण ठेवतं? बाटलीवर तर बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की हे औषधी वापरासाठी नाही; तसं छापणं कायद्याने भाग आहे. ती ओळ तू एकीला तरी वाचून दाखवलीस का?

पत्रकातलं पहिलं वाक्य घेऊ. ‘आधुनिक आहारात सिलिकॉनची तीव्र कमतरता आहे.’ कुणाच्या आहारात गं? पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉन, वजनाने सुमारे २८ टक्के. ते जाऊ दे, माती काही आपण खात नाही. पण तू धानाच्या मुलखात वाढलीस. रोवणीनंतर निंदणाला बांधीत उतरलीस तेव्हा धानाच्या पातीने पोटऱ्या कापल्या जायच्या ना? ती पात कशाने कापते? पातीच्या कडेला जमलेल्या सिलिकाच्या कणांनी. धान हे जमिनीतून सिलिका ओढून घेणारं पीक आहे. त्याच्या तुसात वजनाचा पाचवा हिस्सा सिलिका असते, आणि राईस मिलच्या बॉयलरमध्ये तूस जाळल्यावर जी राख उरते ती तर बहुतेक सिलिकाच. ती राख आपल्याकडे कुठे टाकावी हा प्रश्न असतो. तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी, डाळी, शेंगा, या सगळ्यांतून सिलिकॉन पोटात जातं. विहिरीच्या पाण्यातून जातं.

किती जातं तेही मोजलेलं आहे. पाश्चात्त्य देशांत माणसाच्या आहारातून दिवसाला साधारण २० ते ५० मिलिग्रॅम सिलिकॉन जातं. भारत आणि चीनसाठी जे आकडे संशोधनात दिले जातात ते १४० ते २०० मिलिग्रॅमचे आहेत, कारण आपण धान्य-भाजीवर जगतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ही गोष्ट पहिल्यांदा रचली गेली त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सिलिकॉन आपली बाई रोज खाते. तुझं पत्रक म्हणतं तशी हाडं, केस, नखं सिलिकॉनवर चालत असती तर आपल्या बायकांची हाडं जगात सगळ्यांत पक्की असायला हवी होती. तशी ती आहेत? तुझ्या आजीचं खुब्याचं हाड न्हाणीघरात पाय घसरून मोडलं, तेव्हा मी दवाखान्यात आले होते.

‘मॅडम, पण अन्नातलं शोषलं जात नाही.’ शाबास, हे कुठून तरी वाचलंस. अर्धं वाचलंस. सिलिकॉन आतड्यातून रक्तात शिरतं ते पाण्यात विरघळलेल्या ऑर्थोसिलिसिक आम्लाच्या रूपात. पाण्यातलं आणि बिअरमधलं सिलिकॉन त्याच रूपात असतं, म्हणून त्याचा मोठा भाग शोषला जातो. धान्यातलंही बऱ्यापैकी शोषलं जातं. केळ्यात सिलिकॉन भरपूर, पण त्यातलं जेमतेम दोन टक्के लघवीत उतरलेलं सापडलं, बाकीचं आलं तसं गेलं. का? कारण ते एकमेकांना चिकटलेल्या, न विरघळणाऱ्या रूपात असतं. आता मला सांग, तुझ्या कॅप्सूलमधली बांबूची सिलिका कोणत्या रूपात आहे? बोल. विरघळलेल्या की चिकटलेल्या? जो नियम केळ्याला लावलास तो बाटलीला लावताना जीभ का अडखळते?

आता तुझ्या संशोधनाकडे येऊ. पत्रकात ‘युरोपातील क्लिनिकल ट्रायल’ असे शब्द आहेत आणि खाली ग्लासातून उसळणाऱ्या पाण्याचं चित्र आहे. चित्र छान आहे. ट्रायल मात्र तू उघडून पाहिली नाहीस, ती मी पाहिली. दोन आहेत. पहिली २००५ सालची: उन्हाने चेहऱ्याची त्वचा खराब झालेल्या ५० बायका, २० आठवडे, रोज १० मिलिग्रॅम सिलिकॉन. त्वचेचा खडबडीतपणा यंत्राने मोजला, तो थोडा कमी भरला. केस आणि नखं ठिसूळ आहेत की नाहीत हे मात्र त्या बायकांनीच आपापल्या अंदाजाने पट्टीवर खूण करून सांगायचं होतं. दुसरी २००७ सालची: बारीक केसांच्या ४८ बायका, नऊ महिने. केसाची जाडी आणि ताण सोसण्याची ताकद मोजली. नवे केस किती उगवले हा प्रश्न त्यात नव्हताच. दोन्ही ठिकाणी ते उत्पादन बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित माणसं लेखकांत होती. म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, तो छोटा आहे एवढंच ठरतं, आणि दुसऱ्या कुणीतरी, ज्याचा त्यात पैसा नाही अशा कुणीतरी, मोठ्या संख्येवर तो पुन्हा करून बघायला हवा हे ठरतं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट तू गिळून टाकलीस. या दोन्ही अभ्यासांत वापरलं ते कोलीनने स्थिर केलेलं ऑर्थोसिलिसिक आम्ल. तुझ्या बाटलीत आहे बांबूची सिलिका. एका पदार्थावर परीक्षा झाली आणि तिचं प्रमाणपत्र तू दुसऱ्याच पदार्थाच्या गळ्यात अडकवलंस. डमी उमेदवार बसवणाऱ्याला आपण परीक्षेतून काढून टाकतो की नाही? तुझ्याच वर्गातल्या एकाला काढला होता, आठवत असेल.

मी याला थोतांड म्हणत नाही, हे नीट ऐक, नाहीतर बाहेर जाऊन सांगशील की मॅडमना विज्ञानच मान्य नाही. सिलिकॉनचा हाडाशी काहीतरी संबंध आहे असं वाटायला कारणं आहेत. १९७० मध्ये एडिथ कार्लाईल या अमेरिकन संशोधक बाईंनी वाढत्या हाडात जिथे नवं कॅल्शियम बसतं तिथे सिलिकॉन सापडतं असं दाखवलं. १९७२ मध्ये त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना सिलिकॉन काढून घेतलेलं खाद्य दिलं, तेव्हा पिल्लं खुरटली, कवटीची हाडं वेडीवाकडी झाली. त्याच वर्षी क्लाउस श्वार्झ आणि डेव्हिड मिल्न यांना उंदरांत तसंच दिसलं. पण हे साधायला काय करावं लागलं ठाऊक आहे? प्राण्यांना धूळ शिरणार नाही अशा बंद प्लास्टिकच्या खोक्यांत वाढवावं लागलं, कारण धुळीतून सिलिकॉन येतं. आपल्या गावात, मे महिन्यात, धुळीविना एक दिवस कुणी जगून दाखवावा. आणि पुढे इतरांनी पिल्लांचं बाकीचं खाद्य नीट पुरेसं ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा तसली भयंकर लक्षणं दिसली नाहीत. माणसात सिलिकॉनच्या कमतरतेचा रोग म्हणून आजवर काही नोंदलं गेलेलं नाही. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या समितीने २००१ मध्ये बऱ्याच सूक्ष्म खनिजांची रोजची गरज ठरवली, तेव्हा सिलिकॉनचा रकाना रिकामा ठेवला. पुरावाच पुरेसा नव्हता.

हाडांचं पत्रकातलं वाक्य तर मी फळ्यावर लिहून ठेवणार आहे. ‘रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांसाठी सिद्ध.’ अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या २,८४७ स्त्री-पुरुषांचा आहार आणि हाडांची घनता तपासून २००४ मध्ये निष्कर्ष आला की जास्त सिलिकॉन खाणाऱ्यांची हाडं दाट आहेत. कुणाची? पुरुषांची, आणि पाळी चालू असलेल्या बायकांची. पाळी गेलेल्या बायकांत हा संबंध दिसला नाही. जिथे दिसला नाही, नेमकं तिथेच तू ‘सिद्ध’ छापलंस! शिवाय त्या पुरुषांच्या सिलिकॉनचा मोठा वाटा बिअरमधून येत होता; ते पत्रकात का नाही घातलंस? पुढे २००८ मध्ये हाडं विरळ झालेल्या १३६ बायकांवर वर्षभराचा नीट प्रयोग झाला. सगळ्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, काहींना त्यावर सिलिकॉन. रक्तातला कोलॅजन बनत असल्याचा एक निर्देशक थोडा वाढला. कण्याच्या हाडाची घनता वाढली का? नाही. निर्देशक वाढणं आणि हाड वाचणं यांत जे अंतर आहे, ते तू एका ‘सिद्ध’मध्ये ओलांडलंस.

युरोपचं नाव घेतेस तर युरोपचंच ऐक. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये सिलिकॉनबद्दलचे हे सगळे दावे तपासले, केस, नखं, त्वचा, हाडं, सांधे सगळे. निकाल: कारण आणि परिणाम यांचा संबंध प्रस्थापित झालेला नाही. म्हणजे ज्या युरोपच्या नावाने तू इथे विकतेस, त्या युरोपात असे दावे डब्यावर छापायला परवानगी नाही.

‘मॅडम, पण हे आपलंच आहे, वंशलोचन.’ वाटलंच होतं मला, हे येणार. वंशलोचन म्हणजे काही बांबूंच्या पेरांत जमणारे पांढुरके खडे, बहुतांश सिलिका, बरोबर. सितोपलादि चूर्णात ते पडतं: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. वैद्य ते कशाला देतात? खोकल्याला. त्या परंपरेला केसांच्या कॅप्सूलसाठी वेठीला धरू नकोस. बाजारात वंशलोचन म्हणून तवकीर खपवतात ती वेगळीच कथा. पण एकाच ओळीत ‘हजारो वर्षांचा आयुर्वेद’ आणि ‘युरोपातील ट्रायल’ लिहिताना दोघांपैकी एकाचंही म्हणणं तू वाचलेलं नाहीस, हे मला त्या ओळीवरूनच कळलं.

आता तुझा हुकमी एक्का. मोबाईल काढ, दाखव ते फोटो. ही बाळंतीण. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये चार महिने, आणि कपाळावरचे केस खरोखर भरून आलेत. मी कुठे नाही म्हणतेय? तिची प्रसूती कधी झाली होती? मार्चमध्ये. केस गळायला लागले जूनमध्ये. तू बाटली दिलीस जुलैत. नोव्हेंबरात गळती थांबली. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, अघोरी डाएट, यांतलं काहीही झालं की डोक्यावरच्या लाखभर केसांतले पुष्कळसे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडतात. एरवी दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच, तेव्हा मूठभर जातात. आणि मग, काही न करता, सहाएक महिन्यांत गळती थांबते. बाई घाबरून औषध कधी घेते? गळती अगदी टोकाला पोचली की. आणि टोकानंतर उतारच असतो. तांबडं फुटायचंच होतं, तुझं कोंबडं नेमकं त्याच वेळी आरवलं. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, बोटाचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात. म्हणूनच तुझी कंपनी म्हणते, किमान सहा महिने घ्या. शरीराचं काम शरीर करतं आणि बिल कंपनी लावते.

बाटलीत आणखी काय काय आहे, मोठ्याने वाच. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरेसं धरतात. म्हणजे तीनशे पटीहून जास्त. ‘पण बायोटिन लघवीतून निघून जातं, अपाय नाही.’ जाण्याआधी ते रक्तात असतं, आणि रक्त तपासणीला जातं. पुष्कळ प्रयोगशाळांच्या चाचण्या बायोटिनच्याच रसायनावर बेतलेल्या असतात. रक्तात ते जास्त झालं की यंत्र फसतं. थायरॉइडच्या चाचणीत टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. आता तुझ्या गिऱ्हाइकांत थायरॉइडची गोळी घेणाऱ्या किती आहेत, मोज. त्यांचा अहवाल बघून डॉक्टरला वाटेल की गोळी जास्त होतेय, तो मात्रा कमी करेल. मात्रा कमी झाली की थायरॉइड खाली जाईल, आणि थायरॉइड खाली गेलं की काय गळतं? केस! मग तू दुसरी बाटली देशील. हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणीसुद्धा यामुळे चुकू शकते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला, आणि त्यात एका मृत्यूचा उल्लेख होता. हे सांगितलंस बायकांना, की तपासणीच्या आधी बाटली बंद करा आणि डॉक्टरला दाखवा?

पुढचं वाच. सेलेनियम. या एका शब्दावर तरी विदर्भातल्या मुलीने थांबायला हवं होतं. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस नुसत्या ओढण्याने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांत पावणेतीनशेच्या वर माणसं, त्यांत कॉलेजच्या मुली. लग्नं अडली, पोरी शाळेत जाईनात. आधी पाण्यावर संशय घेतला, बुरशीवर घेतला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त, लघवी, केसांचे नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम वाढलं की केस आणि नखं जातात, हे वैद्यकाला जुनंच माहीत आहे. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरक आहारात लेबलवर लिहिल्याच्या दोनशे पट सेलेनियम निघालं आणि दोनशेएक माणसं आजारी पडली. केस जावेत म्हणून नव्हे, तब्येत सुधारावी म्हणून ते घेत होते सगळे. तुझ्या बाटलीतलं सेलेनियम एकट्याने कुणाला टकला करणार नाही. पण ही बाटली, वर दुसऱ्या कुणाची मल्टिव्हिटॅमिन, वर कुठलं धान्य कुठल्या मातीतून आलं ते देवाला ठाऊक. बेरीज कोण करणार? ज्याला बेरीज येते त्याने करायची. तुला येते, म्हणून तुझ्यावर ओरडतेय.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत.’ हे वाक्य खोडून टाक, मी त्यावर वेळ घालवणार नाही. एवढंच सांगते की सिलिका असलेलं ॲसिडिटीचं औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना क्वचित सिलिकाचे मुतखडे झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे, आणि ज्याचं मूत्रपिंड कमजोर त्याच्या रक्तात सिलिकॉन साचतं. आणि सिलिका शरीरात गेली की भलंच होतं असं ज्याला वाटतं त्याने मध्य प्रदेशात मंदसौरला जावं. तुम्ही सगळ्यांनी पहिलीत पाटीवर गिरवलं त्या दगडी पेन्सिली तिथे कापल्या जायच्या. ती धूळ छातीत जाऊन कामगार सिलिकोसिसने तरुणपणी गेले. फुप्फुसाची गोष्ट वेगळी, पोटाची वेगळी, मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक असू दे.

पेन्सिलीवरून बरी आठवण झाली. तुमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना तू ही बाटली दिलीस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि म्हणून तुला बोलावून घेतलं. बाकीच्या बायकांचे पैसे गेले. हिचं त्याहून जास्त जातंय. त्या तुझ्याकडे काय म्हणून आल्या होत्या? नखं तुटतात, केस गळतात. तू त्यांची नखं हातात घेऊन पाहिलीस? मी पाहिली. पांढरी फटक, आणि अंगठ्याचं नख चमच्यासारखं मधोमध खोलगट. वरून पाण्याचा थेंब ठेवला तर थांबेल इतकं. जिना चढून आल्या तर दोन मिनिटं बोलता येत नव्हतं. आणि पदराच्या गाठीत काय होतं? पाटीवरची पेन्सिल. लिहायला नव्हे, खायला. मुलांच्या खोक्यातून घेतात आणि दिवसभर कुरतडतात. वर्गात पेन्सिल खाणारं पोर दिसलं की आम्ही पूर्वी हातावर पट्टी मारायचो. पुढे कळलं की रक्तात लोह कमी असलं की माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ज्या बाईच्या रक्तात लोह नाही आणि जी आधीच सिलिकेटचा दगड चघळतेय, तिला तू बाराशे रुपयांची सिलिका विकलीस.

देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. कमतरता हवीच होती ना विकायला? ही समोर बसली आहे. पण हिच्यावर कमिशन नाही. आठवीत शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळायची, लोह आणि फॉलिक ॲसिडची, सरकारी, फुकट. तू ती खिडकीतून तुळशीच्या कुंडीत टाकायचीस. कुंडी मी उपसली होती तेव्हा पंधरा गोळ्या निघाल्या आणि तू म्हणालीस, सरकारी गोळीवर विश्वास नाही. त्या फुकटच्या गोळीवर तू संशय घेतलास आणि या बाराशेच्या बाटलीवर नाही. हे कुठलं रसायनशास्त्र मी तुला शिकवलं होतं, जरा आठवून सांग.

तू मदतनीस बाईंना सांगितलंस, ‘तुमच्यात सिलिकॉन कमी आहे.’ त्यांनी ते खरं मानलं. आता सहा महिने त्या वाट बघणार, कारण बाटलीवर सहा महिने लिहिलंय. त्या सहा महिन्यांत पाळीत रक्त तसंच जाणार, अंगणवाडीतला खिचडीचा डेग तशाच उचलणार, आणि धाप लागली की म्हणणार, अजून कोर्स पुरा व्हायचाय. चुकीची कमतरता सांगितली की खरी कमतरता झाकली जाते, आणि ती झाकायचे तू पैसे घेतलेस.

म्हणून आता लिहून घे. कागद घे माझ्याकडून, मोबाईलवर नको.

उद्या सकाळी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तू स्वतः घेऊन जायचं. एकटीला पाठवू नकोस, त्या वाटेतून परत येतील, कामाला उशीर होतो म्हणून. हिमोग्लोबिन तपासायचं, तिथे फुकट होतं. पण नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे, म्हणून सोल्युबिलिटीची चाचणीही मागायची; रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहच असेल असं नाही, आणि कारण न बघता गोळ्या भरणं म्हणजे तुझंच दुकान सरकारी खर्चाने चालवणं. बांधीत अनवाणी काम करतात, तेव्हा जंतांच्या गोळीचंही विचारायचं. पाळीत जास्त जातं हे त्या पुरुष डॉक्टरला सांगणार नाहीत, तू सांग, किंवा नर्सबाईंना सांग. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. त्या बाई सकाळी कपभर चहात सगळ्या गोळ्या ढकलतात. लिंबू पिळलेलं काही चालेल. शौच काळं होईल, त्याने घाबरायचं नाही. सुरुवातीला मळमळलं तर डॉक्टरला विचारायचं, बंद करायचं नाही.

त्यांच्या ताटाकडे बघ. भात डोंगराएवढा आणि वरण पाण्यासारखं. केस केराटिनचा, केराटिन म्हणजे प्रथिन, आणि त्यात प्रथिनाच्या साखळ्या घट्ट बांधणारे दुवे गंधकाचे, हे अकरावीत शिकवलं होतं. बोडीतली बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली तर प्रथिनही मिळतं आणि कॅल्शियमही. मासळी खात नसतील तर तीळ, नाचणी, अंबाडीची भाजी, जाड वरण, आठवड्यातून दोन-तीनदा अंडं. तुझ्या एका बाटलीच्या पैशांत किती अंडी येतात, तो भागाकार इथेच कर, मला दाखव.

मग बचत गटाची वही काढ आणि किती बाटल्या कुणाला दिल्यास त्याची नावं लिही. थायरॉइडवाल्यांकडे आधी जा, त्यांना बायोटिनचं सांग. ज्यांनी सील फोडलेलं नाही त्यांच्या बाटल्या परत घे आणि पैसे दे. ‘कंपनी परत घेत नाही’ हे मला सांगू नकोस, बायकांनी पैसे कंपनीला दिले नव्हते, तुला दिले. मदतनीस बाईंची बाटली अर्धी संपली असली तरी पूर्ण बाराशे द्यायचे, आणि ‘सिलिकॉन कमी आहे’ हे मी चुकीचं सांगितलं होतं असं तोंडाने म्हणायचं, गुळमुळीत नाही. पत्रकांचा उरलेला गठ्ठा इथे आण. एक माझ्यासाठी ठेवते, अकरावीला मोल शिकवताना उदाहरण म्हणून लागेल. आरोग्य केंद्राची ओपीडी नऊला उघडते. साडेआठला त्यांच्या दारात उभी राहा.